गळीत हंगामाआधी सर्व्हर बदलायचाय, दहा वर्षं टिकेल अशी कोणती ओएस टाकू?

काटाबाबू | १९ ऑगस्ट २०२५, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागात मी आहे. विभाग म्हणजे मी, एक ऑपरेटर आणि एक खोली. खोलीत एसी आहे, चालू असेल याची हमी नाही.

आमचा सर्व्हर २०१६ साली एका कंत्राटदाराने बसवून दिला. टॉवर मशीन, झिऑन ई३-१२२० व्ही२, १६ जीबी रॅम, दोन डिस्क एकमेकींची नक्कल करणाऱ्या. वर सेंटओएस ७ ही लिनक्सची ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम). त्यावर पीएचपीमध्ये लिहिलेला प्रोग्राम: उसाची नोंद, काट्याचं वजन, तोडणी-वाहतुकीचा हिशोब आणि पंधरवड्याचं ऊसबिल. शेतकी विभाग, केन अकाउंट आणि काटा, सगळे ब्राउझरमधून त्यालाच जोडलेले. कंत्राटदार पुण्याला गेला, फोन उचलत नाही.

गेल्या महिन्यात एक छोटं पॅकेज टाकायला गेलो तर यम (पॅकेज उतरवून बसवणारा प्रोग्राम) म्हणतंय मिरर लिस्ट सापडत नाही. आधी वाटलं नेट गेलं. नंतर कळलं की सेंटओएस ७ चा कारभार ३० जून २०२४ लाच आटोपला. म्हणजे अख्खा एक हंगाम आपण बेवारस मशीनवर काढला, आणि कुणाला पत्ता नाही.

एमडी साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "एकदाच काय ते टाका, पुन्हा दहा वर्षं माझ्याकडं येऊ नका." दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचं अग्निप्रदीपन, पुढं मोळी पडली की मार्चपर्यंत त्या मशीनला हात लावता येत नाही. हंगामात काटा अर्धा तास बंद पडला तरी ट्रॅक्टरांची रांग गव्हाणीपासून डांबरी रस्त्यापर्यंत जाते आणि मग मुकादम लोक माझ्या खोलीचा पत्ता विचारत येतात.

तर डेबियन, उबंटू, रॉकी, अल्मा या लिनक्सच्या ओएसपैकी काय टाकू? नवं मशीन मिळणार नाही, हे गृहीत धरा.

---

मोंढा_नांदेड | १९ ऑगस्ट, रात्री ११:०५

उबंटू २४.०४ टाका अन् झोपा. आमच्या आडतीवर दोन वर्षांपासून उबंटूच आहे. काही अडलं तर जालावर सगळ्यात जास्त उत्तरं त्याचीच सापडतात.

---

रात्रपाळी | २० ऑगस्ट, पहाटे १:३०

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य खरं आहे आणि ते हलक्यात घेऊ नका. पण काटाबाबू, तुमच्या साहेबांचं "दहा वर्षं" जरा उकलून बघू.

मी संभाजीनगरात वाळूजच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो, पंधरा वर्षं झाली. आमच्याकडं दर रविवारी चार तास मशीन बंद ठेवता येतं. तुमच्याकडं तसं नाही. तुमच्या मशीनचं दार वर्षातून एकदाच उघडतं, एप्रिल ते सप्टेंबर. म्हणून एलटीएसची (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे एकाच आवृत्तीला दीर्घकाळ मिळणाऱ्या दुरुस्त्यांची) मुदत वर्षांत मोजू नका, ऑफ-सीझनमध्ये मोजा.

डेबियनची १२ वी आवृत्ती जून २०२३ मध्ये आली. तीन वर्षं मुख्य टीम बघते, पुढची दोन एलटीएसची वेगळी टीम. ३० जून २०२८ ला संपतं. म्हणजे तुम्हाला मिळाले २६, २७ आणि २८ चा अर्धा ऑफ-सीझन. परवाच, ९ ऑगस्टला, डेबियन १३ आलंय, त्याची एलटीएस जून २०३० पर्यंत. उबंटू २४.०४ ची मोफत पाच वर्षं २०२९ च्या वसंतात संपतात. गंमत बघा, उबंटूचं एलटीएस एप्रिलमध्ये येतं, त्यामुळं मुदतही बरोबर तुमचा पट्टा पडतो (गाळप संपतं) त्या सुमारास संपते. उशिरा संपलेला हंगाम असला तर तारांबळ. अल्मा ९ आणि रॉकी ९ दोन्ही ३१ मे २०३२ पर्यंत. हा लांबचा पल्ला, सहा ऑफ-सीझन धरून चाला. सातवा धरू नका, कारण एप्रिल-मे २०३२ मध्ये घाईघाईनं बदल करायची वेळ आली तर तुम्ही आजच्यासारखाच धागा काढाल.

थोडक्यात, फुकटात पूर्ण दहा वर्षं आज कुठंच मिळत नाहीत. कारण घड्याळ तुम्ही इन्स्टॉल केल्यावर सुरू होत नाही, ती आवृत्ती बाजारात आली तेव्हाच सुरू झालेलं असतं. अल्माची नववी आवृत्ती मे २०२२ मध्ये आली. तुम्ही आज टाकलं तर तीन वर्षं आधीच खर्ची पडलीत. हे साहेबांना सांगा, खोडव्याचं उदाहरण द्या, लगेच कळेल.

---

नाथसागर | २० ऑगस्ट, सकाळी ९:१२

इतकी डोकेफोड कशाला? विंडोज सर्व्हर घ्या. टॅली चालतं, ऑपरेटरला माऊस कळतो.

---

रात्रपाळी | २० ऑगस्ट, सकाळी ९:५०

टॅलीसाठी घ्यायचा तर जरूर घ्या, वेगळ्या मशीनवर. इथं प्रोग्राम पीएचपीचा आहे. शिवाय लायसन्सवर प्रत्येक वापरकर्त्याचं किंवा मशीनचं कॅल (वापराचा परवाना) वेगळं घ्यावं लागतं, ते कोटेशनमध्ये बहुधा खालच्या ओळीत असतं. आणि मुदत तिथंही असतेच: सर्व्हर २०१२ ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, २०१६ जानेवारी २०२७ मध्ये संपतोय. ऐन हंगामात, लक्षात घ्या. २०२२ ची आवृत्ती मात्र ऑक्टोबर २०३१ पर्यंत आहे, ती काही वाईट नाही.

---

ग्रंथघर | २० ऑगस्ट, दुपारी २:२०

मी लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. संगणकशास्त्र शिकलेले नाही, ग्रंथालयशास्त्र शिकलेय. आमच्याकडं कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे. कोहाची पॅकेजं डेबियनसाठीच बनतात म्हणून आम्ही डेबियन घेतलं, एवढंच कारण. डेबियन १० वरून ११ आणि ११ वरून १२ अशा दोन उड्या मी स्वतः मारल्या, उन्हाळी सुट्टीत, कागदावर पायऱ्या लिहून. एकदाही मशीन कोरं करावं लागलं नाही.

मला वाटतं हा मुद्दा वरच्या हिशोबात सुटलाय. मुदत किती लांब यापेक्षा मुदत संपल्यावर पुढच्या आवृत्तीत जाणं किती सोपं, हेही बघा. डेबियनमध्ये त्याच जागी वरची आवृत्ती चढवता येते आणि ती पद्धत त्यांनी लिहून ठेवलेली आहे. दर दोन-तीन वर्षांनी छोटी उडी मारत राहिलं की हाताला सवय राहते. दहा वर्षांनी एकदाच मारायची म्हटलं तर तोवर माणूस बदललेला असतो, पासवर्ड हरवलेला असतो.

अवांतर: आपल्या सी-डॅकची बॉस ही ओएसही डेबियनवरच उभी आहे.

---

रात्रपाळी | २० ऑगस्ट, दुपारी ३:०५

ताई, मुद्दा मान्य. रेड हॅटच्या कुळात (सेंटओएस, रॉकी, अल्मा त्यातलेच) एका मोठ्या आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जायला लीप नावाचं साधन आहे, अल्मावाल्यांनी त्यावरून एलिव्हेट काढलं. चालतं. पण मी स्वतः प्रत्येक वेळी कोरं इन्स्टॉल करून डेटा आणतो. डेबियन या बाबतीत उजवं आहे.

---

जुनं_ते_सोनं | २० ऑगस्ट, संध्याकाळी ७:४४

सगळे विद्वान आहेत, तर मी एक अडाणी प्रश्न विचारतो. मशीन चालतंय ना? मग हात कामून लावायचा? बाहेरचं नेट काढून टाका, लॅनवर चालू द्या. १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचमध्ये (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचा प्रोग्राम) ते मोठं भगदाड सापडलं, रिग्रेशन म्हणून. जगभर धावपळ. उबंटू २२.०४, डेबियन १२, रेड हॅट ९, सगळ्यांना पॅच मारावा लागला. अन् सेंटओएस ७? त्याच्यात इतकं जुनं एसएसएच की ते भगदाड त्यात नव्हतंच! आदल्या दिवशी मेलेली ओएस वाचली, जिवंत घाबरल्या. याला काय म्हणायचं?

---

दुष्काळी_डेव्हलपर | २० ऑगस्ट, रात्री ८:३०

याला योगायोग म्हणायचं, काका. 😄

तुमचा दाखला खरा आहे, पण अर्धा. सेंटओएस ७ मध्ये ओपनएसएसएच ७.४ होतं आणि ती चूक ८.५ मध्ये पुन्हा शिरली, म्हणून ते सुटलं. पण १ जुलै २०२४ नंतर जी भगदाडं जुन्या कोडमध्येच सापडली, त्यांचं काय? ती भरायला आता कुणी नाही. डेबियन-उबंटूवाल्यांना पॅच त्याच दिवशी मिळाला. विहिरीला कठडा नाही आणि अजून कुणी पडलं नाही, म्हणून कठडा नको, असं होतंय हे.

"जुनं चांगलं" याचा खरा दाखला हवा असेल तर मार्च २०२४ चं एक्सझेड (फाइली दाबून लहान करणारं साधन) प्रकरण घ्या. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या माणसाला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा संशय आला, खोदत गेला, आणि एक्सझेडच्या ५.६.० व ५.६.१ मध्ये कुणीतरी मुद्दाम ठेवलेलं चोरदार सापडलं. त्या आवृत्त्या डेबियनच्या टेस्टिंगमध्ये आणि फेडोरा रॉहाइडमध्ये, म्हणजे चाचणीच्या शाखांत, पोचल्या होत्या. डेबियन स्टेबल, उबंटूची एलटीएस, रेड हॅट ८-९, यात नव्हत्या. स्थिर शाखेचा फायदा हाच: नवी गोष्ट आधी दुसऱ्याच्या अंगणात रांगते, मग आपल्याकडं येते. पण सांभाळलेलं जुनं वेगळं आणि टाकून दिलेलं जुनं वेगळं.

आणि नेट काढून टाका म्हणता, तर कारखान्यात पेनड्राइव्ह फिरतात त्याचं काय?

---

जुनं_ते_सोनं | २० ऑगस्ट, रात्री ८:४१

पेनड्राइव्हवर गप बसतो. आमच्याकडं चिटबॉय पोरं सिनेमे पण त्याच पेनड्राइव्हवर आणतात.

---

मोंढा_नांदेड | २० ऑगस्ट, रात्री ९:१५

एक विचारतो. आवृत्तीचा आकडा जुनाच राहतो तर पॅच मारलाय हे कळणार कसं? मागं आमच्याकडं एक ऑडिटवाला आला. स्कॅनर लावला आणि म्हणे तुमचं अपाचे जुनाट आहे, पन्नास धोके आहेत. घाम फुटला.

---

रात्रपाळी | २० ऑगस्ट, रात्री १०:२०

हा एलटीएसचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर.

समजा एखादा प्रोग्राम २.४.६ आवृत्तीवर आहे आणि त्यात खोट सापडली. मूळ लेखक ती २.४.६० मध्ये दुरुस्त करतात, पण त्या मधल्या आवृत्त्यांत शंभर दुसरे बदलही असतात. एलटीएसवाले काय करतात, फक्त त्या खोटीपुरती दुरुस्ती कापून घेतात आणि आपल्या २.४.६ ला ठिगळ लावतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. बाहेरून आकडा २.४.६ च, शेपटीचा आकडा तेवढा वाढतो. साधा स्कॅनर पुढचा आकडा बघून ओरडतो. ऑडिटवाल्याला पॅकेजचा चेंजलॉग उघडून दाखवायचा, त्यात सीव्हीई क्रमांक (त्या खोटीचा नोंदणी क्रमांक) लिहिलेला असतो. सेंटओएस ७ चा कर्नल दहा वर्षं ३.१० च होता, पण २०२४ चा ३.१० आणि २०१४ चा ३.१० यांत जमीन-अस्मानाचा फरक.

आता या ठिगळांची मेख. "दहा वर्षं" म्हणजे कशाची दहा वर्षं? उबंटूत मुख्य भांडाराला पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. युनिव्हर्स नावाच्या मोठ्या भांडारातल्या पॅकेजांची हमी मिळते ती उबंटू प्रो घेतल्यावर. प्रो दहा वर्षांपर्यंत नेतं, वैयक्तिक वापराला पाच मशीनपर्यंत फुकट आहे. कारखाना वैयक्तिक नाही, तेव्हा पावती फाडावी हे बरं. अल्मा-रॉकीत मोड्यूलने येणाऱ्या पीएचपीच्या नव्या आवृत्त्या असतात, त्यांचं आयुष्य ओएसपेक्षा बरंच कमी असतं. ओएस २०३२ पर्यंत म्हणून त्यावरचं सगळंच २०३२ पर्यंत, असं नाही. बाहेरच्या ईपेल नावाच्या भांडारातलं पॅकेज घेतलं तर ते कुणी स्वयंसेवक सांभाळेल तोवरच. डेबियनमध्येही एलटीएसच्या दोन वर्षांत काही पॅकेजं वगळलेली असतात. तुमच्या मशीनवर वगळलेलं काही आहे का, ते सांगणारं छोटं साधन त्यांनीच दिलंय.

म्हणून काटाबाबू, आधी हे सांगा: तुमच्या मशीनवर नक्की काय काय चालतं? आणि पीएचपी कितवं?

---

काटाबाबू | २२ ऑगस्ट, रात्री ९:५८

आज पोळा होता, म्हणून उशीर. बैल उरला नाही घरी, पण मातीचे पूजतोच.

पीएचपी ५.४, मारियाडीबी ५.५ (डेटाबेस), अपाचे (वेब सर्व्हर), आणि एक सांबा फोल्डर (लॅनवरचा सामायिक). प्रोग्रामच्या साधारण दीडशे फाइली. उघडून बघितल्या तर सगळीकडं ते जुनं मायएसक्यूएल कनेक्ट आणि मायएसक्यूएल क्वेरी.

---

दुष्काळी_डेव्हलपर | २२ ऑगस्ट, रात्री १०:३०

घ्या! इतके दिवस आपण कडबा निवडत होतो आणि गाय दुसरीकडंच.

ती फंक्शनं पीएचपी ७.० मध्ये, डिसेंबर २०१५ ला, काढून टाकलेली आहेत. वर ज्यांची नावं आली त्या एकाही ओएसमध्ये पीएचपी ५ मिळणार नाही. डेबियन १२ मध्ये ८.२, १३ मध्ये ८.४, उबंटू २४.०४ मध्ये ८.३, अल्मा ९ मध्ये ८.०. म्हणजे ओएस कोणतीही निवडा, प्रोग्राम पहिल्या पानावरच कोसळेल. कंत्राटदाराने २०१६ साली पीएचपी ५.४ वर नवं काम उभं केलं, तेव्हाच मूळ लेखकांनी ५.४ ला निरोप देऊन वर्ष होत आलं होतं. पण सेंटओएसमध्ये ते ठिगळं लावून जिवंत होतं, म्हणून कुणाला बोचलं नाही. एलटीएसचा हा दुसरा चेहरा. झोप चांगली लागते आणि उठल्यावर गाव बदललेलं असतं.

तीन वाटा दिसतात. एक, जुनं सगळं एका आभासी मशीनमध्ये बंद करून नव्या ओएसच्या पोटात ठेवायचं, नेट नाही, फक्त कार्यालयातल्या ठरावीक मशीनना दार उघडं. आजार बरा होत नाही, पण हंगाम निघतो. दोन, प्रोग्राम नव्यानं लिहून घ्यायचा. सप्टेंबरात? विसरा. तीन, त्याच जुन्या नावांची फंक्शनं आपण एका फाइलीत लिहायची आणि आतून मायएसक्यूएलआय या नव्या फंक्शनांना काम द्यायचं. ती फाइल पीएचपीच्या सेटिंगमधून प्रत्येक पानाआधी आपोआप जोडता येते. दीडशे फाइलींना हात लावावा लागत नाही. मी हे दोनदा केलंय, आठवडाभराचं काम. मी करून देतो, कोड पाठवा. डेटा नको, फक्त कोड.

---

काटाबाबू | २२ ऑगस्ट, रात्री १०:४४

दादा, डोळ्यात पाणी आलं. पाठवतो.

---

ग्रंथघर | २३ ऑगस्ट, सकाळी ११:००

मशीनही तपासा. २०१२ सालचं प्रोसेसर आहे तुमचं.

---

रात्रपाळी | २३ ऑगस्ट, दुपारी १२:१०

बरं झालं ताईंनी आठवण काढली. रेड हॅट ९ ला प्रोसेसर किमान एक्स८६-६४ च्या व्ही२ पातळीचा लागतो, तुमचा आयव्ही ब्रिज पिढीचा आहे, तो त्यात बसतो. १० ला व्ही३ लागते, म्हणजे एव्हीएक्स२ हवं, ते पुढच्या हॅसवेल पिढीपासून आलं. म्हणजे रॉकी १० तुमच्यावर चढणारच नाही. अल्मावाले १० ची व्ही२ साठी वेगळी बांधणी देतात, पण आज नव्याच्या मागं लागू नका. तुमच्या प्रोसेसरच्या नावातलं व्ही२ आणि हे व्ही२ यांचा एकमेकांशी संबंध नाही, गोंधळू नका, मी गोंधळलो होतो.

दुसरं म्हणजे रेड (RAID) कार्ड, डिस्कांची नक्कल सांभाळणारं. रेड हॅटने आठव्या आवृत्तीत बऱ्याच जुन्या कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकले. इन्स्टॉलर सुरू होतो आणि म्हणतो डिस्कच नाही. अल्माने ९.४ पासून त्यातले पुष्कळ परत आणलेत. डिस्कला हात न लावता अल्माचं लाइव्ह पेनड्राइव्ह बनवून बूट करा, डिस्क दिसते का बघा. दहा मिनिटांचं काम, आणि निम्मा निर्णय तिथंच होईल.

रॉकी आणि अल्मा यांत काय फरक, असं कुणीतरी विचारणारच. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केलं की २०२९ पर्यंत चालणार होतं ते सेंटओएस ८ आता ३१ डिसेंबर २०२१ ला बंद. त्यातून दोन्ही जन्मले. रॉकी काढलं सेंटओएसच्या मूळ संस्थापकांपैकी ग्रेगरी कर्टझर यांनी, अल्मा क्लाउडलिनक्स कंपनीने. २०२३ च्या जूनमध्ये रेड हॅटने सोर्स देण्याची पद्धत बदलल्यावर रॉकीने हुबेहूब नक्कल चालू ठेवली, अल्माने "हुबेहूब नाही, पण प्रोग्राम तसाच चालेल" अशी भूमिका घेतली. तुमच्या कामाला दोन्ही सारखेच. जुन्या मशीनला अल्मा थोडं मायाळू आहे, इतकंच.

आणि हो, एसईलिनक्स (कुठल्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा यावरचा पहारा) बंद करू नका. पहिल्या दिवशी सगळे बंद करतात.

---

काटाबाबू | २ सप्टेंबर, रात्री ११:२०

घरी महालक्ष्म्या होत्या, आज विसर्जन. आता हालहवाल.

अल्माच्या पेनड्राइव्हवर डिस्क दिसली. डेबियनवरही दिसली. दोन दिवस विचार केला. ग्रंथघरताईंचं म्हणणं पटलेलं आहे, छोट्या उड्या बऱ्या. पण आमच्या ऑपरेटरला नऊ वर्षांत यम आणि सिस्टिमसीटीएल एवढंच पाठ आहे, आणि मी उद्या आजारी पडलो तर तोच आहे. रात्री तीन वाजता काट्यावरून फोन आला तर त्याच्या बोटांना जे येतं ते मशीनवर असावं. म्हणून अल्मा ९. साहेबांना सांगितलं: २०३१ च्या ऑफ-सीझनला पुन्हा येतो. ते म्हणाले, "तोवर मी रिटायर." विषय संपला.

दुष्काळी दादांची फाइल चालली. जुन्या पीसीवर अल्मा टाकून गेल्या हंगामाचे सगळे पंधरवडे पुन्हा काढले आणि जुन्या बिलांशी ताडले. दोन गोष्टी निघाल्या.

पहिली, शेतकऱ्यांची नावं. पडद्यावर नावाच्या जागी टोपी घातलेले इंग्रजी ए आणि भलतीच चिन्हं.

दुसरी जास्त भयंकर. एका पंधरवड्यात सत्तेचाळीस बिलांची रक्कम जुळत नाही. फरक थोडा आहे, पण आहे.

---

दुष्काळी_डेव्हलपर | ३ सप्टेंबर, सकाळी ८:०५

नावांचा दोष माझा. जुने तक्ते लॅटिन१ (इंग्रजीसारखी अक्षरं साठवायची पद्धत) म्हणून नोंदलेले आहेत, पण आत बाइट युटीएफ-८ चे (मराठीसह सगळ्या लिप्यांची पद्धत) आहेत. इतकी वर्षं दोन्ही बाजू एकच खोटं बोलत होत्या म्हणून मराठी नीट दिसत होतं. मी चांगुलपणानं जोडणीला युटीएफ-८ सांगितलं आणि एका बाजूनं खरं बोलायला सुरुवात केली. आता तो रकाना आधी बायनरी करायचा, मग युटीएफ८एमबी४. थेट बदलू नका, थेट बदललं तर कचरा कायमचा पक्का होतो. आधी नकलेवर करा.

सत्तेचाळीस बिलांचा कोड पाठवा. कपातीचा भाग बघू.

---

दुष्काळी_डेव्हलपर | ३ सप्टेंबर, रात्री ११:५५

सापडलं. पीएचपी ८ मध्ये तुलनेचा नियम बदललाय. पूर्वी आकडा शून्य आणि रिकामी ओळ यांची तुलना केली तर "सारखेच" असं उत्तर यायचं. ८.० पासून "वेगळे" येतं. तुमच्या कोडमध्ये हिशोब करून आलेली कपात शून्य असेल तर ती रिकामी आहे का, असं विचारून पुढं मागच्या पंधरवड्याची बाकी धरलेली आहे. नव्यात ती अट खोटी ठरते आणि बाकी धरलीच जात नाही. ज्यांची कपात बरोबर शून्य आली तेच सत्तेचाळीस. एका ओळीची दुरुस्ती, पण अशा ओळी आणखी सहा ठिकाणी सापडल्या.

ही पंधरवड्यांची ताडणी केली नसती तर हे डिसेंबरात, शेतकऱ्याच्या हातात पावती पडल्यावर कळलं असतं.

---

जुनं_ते_सोनं | ४ सप्टेंबर, सकाळी ७:३०

हे वाचून माझी झोप उडाली. आमच्या जिनिंगवर पण असंच आहे. वाखूसा (वाचनखूण साठवली आहे).

---

काटाबाबू | १८ सप्टेंबर, दुपारी १२:४०

काल १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी. ध्वजवंदन झाल्यावर कार्यालय रिकामं, तोच मुहूर्त धरला. जुन्या दोन्ही डिस्क काढून कागदात गुंडाळून वर तारीख लिहिली आणि कपाटात ठेवल्या. नव्या दोन एसएसडी टाकल्या, साहेबांनी तेवढे मंजूर केले. सकाळी अकराला सुरू, संध्याकाळी सहाला शेतकी विभागाचं पान उघडलं. एसईलिनक्सने दोनदा अडवलं, एकदा अपलोडचा फोल्डर आणि एकदा सांबा. बंद केलं नाही, लेबलं दुरुस्त केली. रात्रपाळी सर, शब्द पाळला.

सुरक्षा दुरुस्त्या हंगामात आपोआप उतरवून ठेवायच्या, लावायच्या मात्र मी सांगेन तेव्हा, असं डीएनएफ ऑटोमॅटिकला सांगितलंय. आपोआप लावल्या आणि मारियाडीबी रात्री दोनला रीस्टार्ट झालं तर काटा थांबतो.

---

रात्रपाळी | १८ सप्टेंबर, दुपारी १:१५

उतरवून ठेवाल आणि लावायच्या विसराल, हे मी लिहून देतो. हंगामातही दर पंधरवड्याला बिलं निघाली की केन यार्ड थोडं मोकळं असतं तो अर्धा तास ठरवून टाका. कर्नलचं रीस्टार्ट एकवेळ राहू द्या, बाकीचं लावा.

---

काटाबाबू | ३० सप्टेंबर, रात्री ८:१०

मंडळी, इथं पावसानं कहर केलाय, बातम्यांत बघितलंच असेल. आमच्या भागात नदीकाठचा ऊस आडवा आहे, काही ठिकाणी जमीनच खरवडून गेली. कारखान्यात दोन दिवस वीज नव्हती. यूपीएस चाळीस मिनिटांत संपला, सर्व्हर त्याआधी मी हातानं बंद केला. काल वीज आल्यावर चालू केला, सगळं जागेवर. कपाटातल्या जुन्या डिस्कही वरच्या फळीवर होत्या म्हणून वाचल्या, खालच्या फळीवरची रजिस्टरं भिजली.

नोंदलेल्या उसातला किती हाती येईल याचा सर्व्हे शेतकी विभागानं आजपासून सुरू केलाय. नव्या सर्व्हरवर पहिलं खरं काम हेच होणार असं वाटलं नव्हतं.

---

ग्रंथघर | ३० सप्टेंबर, रात्री ८:३५

सांभाळून राहा. यूपीएसची बॅटरी उतरली की सर्व्हर स्वतःच व्यवस्थित बंद होईल, अशी सोय नट नावाच्या प्रोग्रामने करता येते, यूपीएसला यूएसबीची तार असेल तर. आमच्याकडं आहे, पायऱ्या लिहिलेला कागद फोटो काढून पाठवते.

---

मोंढा_नांदेड | १ ऑक्टोबर, सकाळी ९:००

आमच्याकडं मोंढ्यात सोयाबीन भिजलेलंच येतंय. असो. काटाबाबू, काट्याच्या केबिनमध्ये जो पीसी आहे, त्याच्यावर काय आहे?

---

काटाबाबू | १ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

विंडोज ७. काट्याच्या इंडिकेटरची सिरियल तार वाचणारं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चढत नाही.

---

मोंढा_नांदेड | १ ऑक्टोबर, सकाळी ९:२२

🤦

---

दुष्काळी_डेव्हलपर | १ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

सिरियल तारेवरून वजन साधा मजकूर म्हणून येत असेल, पायथनच्या वीस ओळींत वाचता येईल. इंडिकेटरचा मॉडेल नंबर आणि बॉड रेट सांगा. वेगळा धागा काढा पण, हा फार लांबला.